आखाडातला शनिवार-रविवार

पोलीस खात्यात उभी हयात घालवली. दरोडे, मारामाऱ्या, खून सगळे पाहिले. त्यांतले बरेचसे आता आठवत नाही आणि आठवावेसेही वाटत नाही. पण निपाणीच्या त्या एका प्रकरणाची आठवण आली की अजून हसू येते. ते कागदावर गुन्हा म्हणून कधी चढलेच नाही, म्हणून आज सांगायला हरकत नाही. नावे मात्र लिहिणार नाही.

इंग्रजांचा अंमल होता, आमचा भाग मुंबई इलाख्यात होता आणि मी निपाणी ठाण्यात फौजदार होतो. आषाढाचा महिना होता, पाऊस आठ दिवस उघडलेला नव्हता. मोठ्या मिनतवारीने मला शनिवार-रविवारची रजा मिळाली होती. पत्नीला घेऊन खानापूरकडे दोन दिवस जाऊन यायचे ठरले होते. लग्नाला अकरा वर्षे झाली होती, आणि दोघांनी मिळून कुठे जाण्याचा हा पहिलाच बेत होता. वळकटी बांधून झाली, शिदोरी झाली, आणि शनिवारी दुपारी चारच्या सुमारास शिपाई धावत आला. "साहेब, लौकर चला. आप्पा आल्यात, लई तापल्यात."

पत्नीने वळकटी सोडायला घेतली. ती रागावली असती तर बरे झाले असते.

आप्पा म्हणजे गावातले तंबाखूचे व्यापारी. जैन घराणे, घरात अठरा माणसे, पेठेत शब्दाला वजन. मुलगा बेळगावला सरकारी कचेरीत कारकून, तिथेच अनगोळ भागात खोली घेऊन राहायचा. चार महिन्यांपूर्वी त्याचे लग्न झाले होते. आखाडात नव्या सुनेने सासरी राहायचे नाही, नवराबायकोने महिनाभर एकमेकांचे तोंड पाहायचे नाही, असा आमच्याकडचा रिवाज. त्याप्रमाणे सुनेला सकाळीच बैलगाडीतून सहा मैलांवरच्या माहेरी धाडले होते. आणि दुपारी तिचा भाऊ दारात हजर! त्याच्या घरी निरोप होता की बहीण सोमवारी येणार. पावसात तिचे हाल नकोत म्हणून तो दोन दिवस आधीच तिला न्यायला आला होता. वाटेत त्याला ना गाडी दिसली ना बहीण. तो तसाच शोधायला मागे फिरला होता.

"गाडीवानानंच काय तरी केलंय," आप्पा म्हणाले. "ल्ह्या फिर्याद. पोरीला पळवली म्हणून ल्ह्या."

मी दौत पुढे ओढली आणि थांबलो. फिर्याद एकदा नोंदली की ती चिकोडीला वरिष्ठांकडे जाणार, मग समन्स, मग कोर्टात त्या पोरीच्या नावाचा पुकारा. ती निर्दोष असली तरी तिचे नाव जन्मभर चघळले गेले असते. मी म्हणालो, "आप्पा, उद्या दिवस मावळेपर्यंत मला वेळ द्या. तोवर सापडली नाही तर तुम्ही सांगाल तसे लिहितो." हे नियमात बसत नव्हते. आप्पा कबूल झाले आणि उठले. बेळगावला मुलाला तार केली, त्या तारेचे उत्तर आले नाही.

गाडीवानाला आणून बसवले. पन्नाशीचा माणूस, आप्पांकडे वीस वर्षे कामाला. म्हणाला, "आक्कांना म्या म्हायेरच्या शिवंपातूर सोडलं."

"किती वाजता परत आलास?"

"दोन तासांत आलो की."

चिखलात बैलगाडीने जाऊन-येऊन बारा मैल, दोन तासांत! मी हे बोलून दाखवताच त्याने तोंड मिटले. हवालदाराने कोपऱ्यातली काठी उचलली. त्याच्या मते काठीवाचून खरे बाहेर येत नाही. मी त्याला बाहेर पाठवले.

"साहेब, म्या शब्द दिलाय," गाडीवान अखेर म्हणाला. "मारा न्हायतर सोडा."

"कुणाला दिलास?"

"ज्येला दिलाय त्येला."

पण गुन्हेगार मी पुष्कळ बघितले आहेत. अंगात पाप असलेला माणूस फार बोलतो, शपथा घालतो आणि भाकरी पुढे आली तरी तुकडा मोडत नाही. ह्याने दोन भाकऱ्या चेपल्या, भिंतीला पाठ टेकली आणि विचारले, "साहेब, पाऊस उद्या तरी उघाडंल का वं?" कोठडीच्या दाराशी बसलेल्या माणसाला पावसाची कसली काळजी? हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला.

रविवारी सकाळी आप्पांच्या घरी गेलो आणि सुनेची ट्रंक उघडवली. नवी लुगडी घडीसुद्धा न मोडता तशीच होती. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघालेली पोर नवी लुगडी ठेवून दोन विटकी घेऊन गेली होती, आणि सोबत एक घोंगडे. सासूबाई रडत होत्या, पण रडता रडता त्यांची दुसरीही एक तक्रार होती. "त्यात माजा जुना तवाबी घावंना झालाय बगा!"

सुनेपुढे तव्याचे काय, असे घरातल्यांना वाटले. मला मात्र तो तवा सोडवेना. पळवून नेलेली बाई तवा घेऊन जात नाही. माहेरी जाणारीही नेत नाही.

ठाण्यावर परतलो तर गवतवाली म्हातारी माझ्या घोड्यासाठी गवताचा भारा टाकत होती. ती दर रविवारी यायची आणि भाऱ्याबरोबर गावाच्या चार गोष्टी फुकट टाकायची. त्या दिवशी आल्या आल्या हसायलाच लागली.

"साहेब, काल माळावर येक खुळी बाई बगितली. वरनं पाऊस धो धो, समदीकडं पानीच पानी. आन ही हिरीतनं घागर काढून फडक्यानं पानी गाळाय लागलीया! बरं, गाळलं ते गाळलं, फडकं उलटं करून धुतलं आन ते धुवान परत हिरीत सोडलं, अगदी जपून."

म्हातारीला ते वेड वाटले. मी मात्र निपाणीत जैनांच्या शेजारी राहत होतो. पाणी गाळल्यावर फडक्यात राहिलेले बारीक जीव ज्या विहिरीतले त्याच विहिरीत परत सोडायचे, ही त्यांची रोजची रीत. भ्यालेल्या, धरून आणलेल्या बाईला एवढे सावकाश सुचत नाही. ती बाई त्या विहिरीवर सुखात होती.

"विहीर कुणाची गं ती?"

"आप्पांचीच की. तितं त्येंची खोप हाय, पीक नसलं की रिकामीच असती."

घरापासून जेमतेम तीन मैल! बाहेरच्या पडवीत गाडीवान बसला होता. त्याने हे ऐकले आणि मान खाली घातली.

मी शिपायाला रस्त्यावर थांबवून एकटाच घोड्यावरून माळ चढलो. खोपीच्या छपरातून धूर निघत होता, भाकरीचा वास येत होता. दाराशी जाऊन बघितले तर सून चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. छप्पर नेमके चुलीवरच गळत होते, म्हणून बेळगावचे कारकूनसाहेब धोतर खोचून, दोन्ही हात वर करून, तिच्यावर आणि चुलीवर घोंगडे धरून उभे होते. त्यांच्या कोपरांवरून पाणी ओघळत होते आणि ते कसलीशी गोष्ट रंगवून सांगत होते. ती हसत होती.

माझी टोपी दिसताच हसणे थांबले. तो चाचरत म्हणाला, "साहेब, ही... ही माझी बायको आहे."

"ते दिसते आहे," मी म्हणालो.

भाऊ येऊन गेल्याचे आणि गाडीवानाला बसवून ठेवल्याचे मी सांगितले. पोरगी ताडकन उठली. "गाडीवान अण्णांना धरलंय? मारलं तर न्हाय? त्येंचा काय गुन्हा न्हाय, साहेब. म्याच शब्द घेतला हुता, म्हायेरी सोमवारचा निरोपबी म्याच धाडला हुता." मग पदर सावरून, खाली बघत पण स्पष्ट बोलली, "लगीन होऊन चार म्हैनं झालं. घरात अठरा माणसं. ह्यांचा आवाज म्या चार डाव ऐकलाय, त्योबी म्होरल्या खोलीतनं. त्यात आखाड आला. दोन दिस मागितलं हुतं निस्तं, ह्येंच्यासंगं बोलाय."

मला अकरा वर्षे आठवली, आणि सोडलेली वळकटी आठवली. मी टोपी काढून चुलीपाशी बसलो. फौजदाराने असे बसू नये, पण बसलो.

तिने निघायच्या आधी मला हुलग्याचे पिठले आणि भाकरी वाढली. चार भाकऱ्या फडक्यात बांधून गाडीवानासाठी दिल्या. दुपारपर्यंत मी गाडीवानाला मोकळे केले. त्यानेच तिला माहेरी पोचवले, नवरा बेळगावच्या मोटारीत बसला. ठाण्याच्या डायरीत मी लिहिले, "सून माहेरी सुखरूप पोचली. गुन्हा घडलेला नाही." त्यातला शब्दन् शब्द खरा आहे.

दिवस मावळायच्या आत आप्पांकडे गेलो. म्हणालो, "पोरगी आपल्याच माणसांत होती, आता माहेरी आहे. गाडीवान इमानी आहे. यापुढे मला काही विचारू नका."

आप्पांनी माळाच्या तांबड्या चिखलाने माखलेल्या माझ्या बुटांकडे बघितले. "माळावर पाऊस कसा हाय, साहेब?" त्यांनी विचारले. मी माळाचे नावही काढले नव्हते. मी म्हणालो, "भरपूर आहे." ते "बरं" म्हणाले आणि आत गेले.

श्रावण सरत आला तेव्हा आप्पा ठाण्यात आले, या वेळी हसत. "साहेब, माळावरची खोप शाकारून घेतली. चुलीवर लई गळत हुती."

"तुम्हाला कुणी सांगितले?"

"कोन सांगतंय? सून म्हायेराहून आली, तिच्यासंगं आमचा तवा आला. म्हायेराला गेलेली पोरगी तवा घिऊन येतीया व्हय?" मग आवाज उतरवून म्हणाले, "आमालाबी कुनी दोन दिस दिलं न्हाईत, साहेब. आमच्या घरची म्हातारी आजून म्हनती. म्हनून म्हनलं, पोरं तरी भिजू नयेत." जाता जाता खोपीची किल्ली त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "ह्या शनवारी मोकळीच हाय. बाईसाहेबांना घिऊन जावा."

कुणी लपून काही करते म्हणजे ते वाईटच असणार, असे आमच्या खात्यात शिकवतात. त्या प्रकरणानंतर मी हे कधी पूर्णपणे मानले नाही. भल्या माणसांना कधी कधी सुखसुद्धा लपून घ्यावे लागते, आणि त्यांच्या वाटेतून बाजूला होणे हेही पोलिसाचे काम असते. काठीपेक्षा तवा जास्त बोलतो, हे हवालदाराला मी पुढे अनेकदा ऐकवले.

त्या शनिवारी दुपारी आम्ही दोघे माळावर गेलो. दोन्ही दिवस पावसाला खंड नव्हता. पत्नीने चुलीवर भाकऱ्या केल्या आणि मी शेजारी बसून अकरा वर्षांचे बोलणे बोललो. छप्पर कुठेही गळले नाही. मला जरा वाईटच वाटले, कारण घोंगडे मी मुद्दाम घरून नेले होते.