निरोगी नमुना

घरात तिला सगळे धसकाबाई म्हणत. गॅस बंद केला का हे बघायला ती जिन्यावरून दोनदा परत यायची. नवऱ्याला यायला जरा उशीर झाला, की हिच्या डोळ्यांसमोर अपघातच! जगातल्या यच्चयावत गोष्टींची काळजी तिच्या डोक्यात असायची, नसायची ती फक्त स्वतःच्या किडनीची. आणि बाईचा सगळा जन्म गेला तो किडनीतच.

ती जीवरसायनतज्ज्ञ. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, कपडे धुण्याच्या खोलीशेजारी तिची लॅब होती. आपण जे खातो त्यातून शरीरात आम्ल तयार होतं. धडधाकट किडनी अमोनिया बनवून त्याच्यासोबत ते बाहेर घालवते, थकलेल्या किडनीला ते झेपत नाही. त्या थकलेल्या किडनीला पुन्हा कामाला कसं लावायचं, याच्यामागे बाई तरुणपणापासून हात धुऊन लागली होती. लग्नाच्या बोलणीतसुद्धा तिने लघवीचा विषय काढला होता, तरी नवरामुलगा उठून गेला नाही, यातच त्याचा स्वभाव आला.

रसायनं दर खेपेला थोडी वेगळी निघत, म्हणून पेशंटच्या लघवीतल्या अमोनियाचा आकडा एकटा वाचायचा नाही, शेजारी निरोगी माणसाचा नमुना लावून तुलना करायची. पण असा माणूस रोज आणायचा कुठून? सकाळी सकाळी बाटली घेऊन कोणाच्या दारात उभं राहायचं? बाई आपली स्वतःचाच नमुना आणू लागली. सोय म्हणून सुरू झालं आणि अंगवळणी पडलं. "मॅडमची किडनी म्हणजे आपलं माप," असं लॅबमधले असिस्टंटकाका म्हणत, आणि ती चक्क खूश व्हायची.

अलीकडे तर तिचे दिवस फळफळले होते. तिने सुचवलेली पावडर घेणारे पेशंट वर्षागणिक निरोगी आकड्याच्या जवळ सरकत होते. किडनीचे डॉक्टर इतके हरखले, की या पेशंटांचं डायलिसिस लांबवायचं त्यांनी ठरवलं. सोमवारपासून.

नेमका त्याआधीच्या आठवड्यात बाईला ताप आला. काम अडायला नको म्हणून काकांनी स्वतःची बाटली लावली. आकडा आला मॅडमच्या दुप्पट! काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मॅडम, मला काय झालंय हो? घरी सांगू का?"

"अहो, काही नाही झालं. रसायन बिघडलं असेल," ती म्हणाली खरी, पण तिला स्वतःलाच ते पटलं नव्हतं. रविवारी ती अंगात ताप असतानाच लॅबमध्ये गेली. सोबत नवऱ्याला नेलं, आणि त्याच्याही हातात बाटली दिली.

नवऱ्याचा आकडा काकांसारखाच आला.

फ्रीजरमध्ये दर वर्षीची तिची एकेक नळी राखून ठेवलेली होती, पेशंटांच्याही होत्या. तिने सगळ्या एकदम लावल्या. जुन्या नळ्यांमध्ये ती काकांच्या बरोबरीची होती, मग उतरत गेली होती. पेशंट होते तिथेच होते, एक इंचही हलले नव्हते. पावडरीने काहीही केलं नव्हतं. ते वर आलेच नव्हते, हीच खाली गेली होती.

"उद्यापासून काकांचा नमुना लाव ना," नवरा हळूच म्हणाला. "कोणाला काय कळतंय? आधी तुझं बघू."

"आणि ज्यांचं डायलिसिस लांबणार ते? त्यांनी काय करायचं, मरायचं?" ती त्याच्यावर खेकसली. मग रडूच आलं तिला. एवढी वर्षं! लोक काय म्हणतील, डॉक्टर तोंड तरी बघतील का, सगळं एकदम डोक्यात घोंघावायला लागलं. तरी तिने डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, निरोगी नमुना कोणाचा तेवढं सोडून.

डॉक्टर म्हणाले, "डायलिसिस कोणाचंही लांबवत नाही, ते मी बघतो. पण मॅडम, हा निरोगी माणूस कोण होता? त्याला आधी माझ्याकडे पाठवा."

"मीच ती."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बसा. बूट काढा. नडगीवर अंगठा दाबून धरा आणि सोडा. किडनी थकून अंगात पाणी साठलं असेल, तर खळगा लगेच भरत नाही."

तिला वाकवेना. नवराच गुडघ्यांवर बसला, त्याने तिचा मोजा खाली केला आणि अंगठा दाबला. सोडला तेव्हा तिथे खळगा पडलेला होता.

"भरला का?" डॉक्टरांनी विचारलं.

दोघंही बघत राहिली.

"मॅडम, भरला का?"

"नाही," नवरा म्हणाला.