चरक थांबला आणि गूळ गोड झाला

माझी शाळा चौथीपर्यंतच. मी बोलते, नात पूजा मोबाईलवर लिहिते. चुकलंमाकलं ते तिचं.

झालं असं, कुंडलहून धाकट्या भावाचा, तान्याचा फोन आला. "आक्का, यंदा गुळात रंगाची पावडर घातली न्हाई. काळपट झालाय. गिऱ्हाईक लांबूनच बघून माघारी जातंय. तू येऊन चाख. तू गोड म्हणलीस तर असाच ठेवतो, न्हाईतर पावडर आणतो."

माहेरी माझ्या जिभेला लय मान. आई आमटीत मीठ घालायची आणि चाखायला मला हाक मारायची. पंचाहत्तरी उलटली तरी जीभ शाबूत आहे, असं परवापर्यंत वाटत होतं.

सकाळी उंब्रजहून कराडची एसटी धरली. मला तिकीटच नाही, पूजाला अर्धं. बायांनो, फिरायचे हेच दिवस! कराडच्या स्टँडवर तासगावची गाडी धरायची, ती कुंडलवरून जाते. गाडीला वेळ होता म्हणून चहा घेतला. कागदी कपातला, फिक्काच लागला. मग बशी मागून त्यात ओतला तर झकास! पूजा म्हणाली, "आजी, चहा तोच आहे." म्हटलं, "तोच कसा असंल?" घोटाळा तिथंच सुरू झाला होता बघा, मला कळलं नाही.

गुऱ्हाळ कुंडलच्या अलीकडे, फाट्यावर उतरून दहा मिनिटं चालत. उसाचा चरक असा खडखडतो की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. तान्यानं ताज्या ढेपेचा खडा हातावर ठेवला. ओल्या मातीसारखा रंग. अर्धा मोडून तोंडात टाकला. आता सख्ख्या भावाशी खोटं कसं बोलू?

"गोडी कमी हाय रं!" मी ओरडले. सगळ्या गुऱ्हाळानं ऐकलं.

तान्यानं खिशातून मोटरसायकलची किल्ली काढली आणि निघाला पावडर आणायला.

तेवढ्यात लाईट गेली. चरक थांबला. धुरानं डोळे चुरचुरत होते, म्हणून मिटून बसले आणि हातातला उरलेला खडा चघळला. आई गं! आमच्या लहानपणीचा गूळ!

"तान्या, थांब! मगाशी कुठला खडा दिलावतास?"

"तुज्या हातात हाय त्योच की!"

पूजाला आता चेव आला. घरून मी तुलना करायला बाजारचा पिवळाधमक गूळ आणला होता. तिनं माझ्या डोळ्यांवर पदर बांधला, दोन्ही चारले. मी पहिला निवडला. पदर सोडून बघते तर काळा! डोळे उघडे ठेवून खाल्ले, तर पिवळा गोड. लाईट आली, चरक सुरू झाला, तर दोन्ही मिळमिळीत. मी येडी झाले का काय?

गूळ शिजवणारे गुळवे म्हातारबा हसले. "आवं आक्का, म्या तर पाक कानानं बघतो. थेंब गार पाण्यात टाकायचा, त्याची गोळी वळून परातीवर मारायची. टण वाजली की पाकाची काहील उतरायची. चाखत बसलो तर करपंल."

तान्या म्हणाला, "मग गिऱ्हाइकाला काय सांगू? डोळं मिटून घ्या म्हणू?"

"घरी चाखून फोन करते, तवर थांब," म्हटलं. दुपारी पिठलं-भाकरी, खर्डा खाल्ला. भावजयीचा खर्डा मात्र डोळे उघडे असोत नाहीतर मिटलेले, डोक्यातच जातो. गुऱ्हाळ बघायचं तर थंडीत जा, रसासाठी डबा न्या, आणि धुराकडे पाठ करून बसा.

संध्याकाळी घरी आलो. तान्याकडून आणलेली ढेप बघून सुनेनं नाक मुरडलं. "आत्या, ह्यो असला?"

म्हटलं, "टीव्ही बंद कर. डोळं मीट. आ कर."

तिनं खडा चघळला. डोळे मिटलेलेच, आणि हात पुन्हा पुढे केला.

मी तान्याला फोन लावला. पलीकडं नुसता खडखडाट. "थांब, आक्का!" तो ओरडला. मग एकदम शांत झालं. चालू चरक बंद केला होता त्यानं, माझ्यासाठी.

"बोल आता."

"पावडर आणू नगंस, तान्या."

गोडी जिभेत असते, डोळ्यात असते का कानात, मला अजून कळलेलं नाही. पण आता चहा मी बशीतूनच पिते. आणि कुणी काही खायला आणलं, की आधी टीव्ही बंद करते.