जोडवी कापली तो आठवा महिना

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मला दिवस राहिले तेव्हा मी राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये गणित शिकवत होते. घर कसबा बावड्यात. जवळच्या साखर कारखान्याचा हंगाम सुरू होता आणि पहिले तीन महिने मळीच्या वासानं माझ्या पोटात काही टिकत नव्हतं. तरी मी एकदाही दांडी मारली नाही. पाचव्या महिन्यात फळ्यावर समीकरण सोडवताना आतून कुणीतरी टिचकी मारल्यासारखं झालं. मी थांबले. पोरांना वाटलं, बाई चुकल्या.

"उत्तर बरोबर आहे," मी म्हटलं आणि पुढचं गणित घेतलं.

आठव्यात ऐन उन्हाळा आला आणि पावलं सुजली. जोडवी रुतून बोटं जांभळी दिसायला लागली. तेल झालं, साबण झाला, निघेनात. माझे वडील हुपरीचे, घरातच चांदीची पैंजणं करणारे. मी फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते कातर घेऊनच आले.

सासूबाई दारात आडव्या आल्या. "पावणं, सवाष्णीची जोडवी कापत्यात व्हय कुठं?"

"जल्मभर चांदीच कापत आलोय," वडील म्हणाले. "चांदी परत जोडता येती. बोट न्हाय."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी खुर्चीवर बसून पाय पुढं केला. मग त्याच खाली बसल्या, माझं पाऊल घट्ट धरलं, आणि कापून झाल्यावर बोटाला हळदीचा दोरा बांधूनच उठल्या.

त्याच आठवड्यात त्या माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींना सांगितलं, "पाय सुजतातच. पण तोंड, हात सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं काजवे आले, तर वाट बघत बसायचं नाही. सरळ इथं यायचं."

पंधरा दिवसांनी दुपारी मी पेपर तपासत होते. सकाळपासून डोकं ठणकत होतं. अचानक कागदावरच्या आकड्यांच्या कडेला ठिणग्या उडायला लागल्या. नवरा कामावर होता.

"उन्हाचं हाय," सासूबाई म्हणाल्या. "जरा पड. कांदा फोडून देते हुंगायला."

"नाही आई. हे उन्हाचं नाही. रिक्षा आणा."

मला भीती वाटली नाही असं नाही, पण काय करायचं ते पक्कं ठाऊक होतं. त्या अनवाणीच रस्त्यावर धावल्या. वाटेत रिक्षावाल्याला एकदा "बिगीनं चला की!" आणि प्रत्येक खड्ड्याला "अवो सावकाश!" असं ओरडत होत्या. त्या बिचाऱ्यानं दोन्ही पाळलं.

रक्तदाब बराच चढला होता. "वेळेत आलात," एवढंच बोलून डॉक्टरबाई कामाला लागल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. दिवस पुरे भरले नव्हते, वजन जेमतेम सव्वादोन किलो, पण रडणं असं खणखणीत की बाहेर व्हरांड्यात बसलेला माझा नवरा उठून उभा राहिला म्हणे.

संध्याकाळी सासूबाई माझ्या उशाशी बसल्या. "तुला कळलं कसं गं?"

"डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की."

"मलाबी सांगितलंतं," त्या म्हणाल्या. "मी मनावर घेतलं न्हाय."

त्यांनी नातीला उचललं आणि तिचं टोपडं सारखं केलं.