पट्टेकाकू टाकीत उतरतात

पट्टेकाकूंना पाण्याची भयंकर भीती, आणि पोट भरत होतं पाण्याखालच्या कामावर. छोट्या लष्करी पाणबुडीतल्या आसनांचे पट्टे त्या शिवत. पाणबुडी म्हणायची एवढंच. तिच्या आतही पाणीच भरलेलं असतं. लढाऊ पाणबुडे तोंडात हवेची नळी धरून तिच्यात बसतात, ती त्यांना गुपचूप किनाऱ्याजवळ नेते, तिथे पट्टा सोडायचा आणि बाहेर पडायचं. पट्टा सुटलाच नाही तर, हा विचार काकू मशीनवर बसल्या की मनात येऊच देत नसत. हात थरथरला की टाके वाकडे पडतात.

कारखान्याचा नियम साधा होता: वस्तू ज्याने बनवली, त्याने ती चाचणीच्या टाकीत स्वतः वापरून दाखवायची. वेल्डर उतरायचा, वायरमन उतरायचा. काकूंनी मात्र तेरा वर्षं नियमाला हुलकावणी दिली. कधी सर्दी, कधी कान दुखतोय. मग त्यांच्या जागी एखादा पाणबुड्या हसत हसत उतरायचा. नवी पाणबुडी तयार झाली तेव्हा चाचणीचे उस्ताद म्हणाले, "काकू, या वेळी तुम्ही बसला नाहीत तर पट्टे बाहेरून मागवावे लागतील. माझाही नाइलाज आहे."

घरी काकूंनी नवऱ्यापुढे सगळा पाढा वाचला. बस चालवणारा तो शांत माणूस घास गिळून म्हणाला, "मग पोहायला शिकू."

"या वयात?"

"बुडायला कोणी वय विचारतं का?"

महिनाभर तलावावर काकूंनी एवढं पाणी गिळलं, की तलाव पुन्हा भरावा लागेल असं नवरा सांगत सुटला.

चाचणीच्या दिवशी पाणबुडी टाकीत सोडली, तेव्हा आसनात बांधलेल्या काकूंचे डोळे घट्ट मिटलेले होते. शेजारी बसलेल्या उस्तादांनी खांद्यावर थाप मारून खूण केली. जाड हातमोज्यातल्या बोटांनी काकूंनी कडी ओढली. पट्टा अलगद सुटला. काकूंनी डोळे उघडले आणि त्यांना असं हसू फुटलं की नळीभोवती बुडबुडेच बुडबुडे. वर चला अशी खूण केली तरी ऐकेनात. पुन्हा पट्टा बांधला, पुन्हा सोडला, एकदा डाव्या हाताने.

अखेर वर आल्या तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उस्तादांनी पास लिहायला पेन काढलं.

"थांबा, लिहू नका," काकू धापा टाकत म्हणाल्या. "मांडीला शिवण टोचते. तेरा वर्षांत एकानंही सांगितलं नाही?"

एक पाणबुड्या म्हणाला, "तुम्हाला वाईट वाटलं असतं, काकू."

काकूंना राग आला आणि रडूही आलं. ओल्या अंगानेच त्यांनी सगळे पट्टे काढून घेतले. शिवणी बाहेरच्या बाजूला घ्यायला तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी उस्ताद आले तेव्हा काकू पाणबुड्याचा पोशाख चढवून, पाय टाकीत सोडून बसल्या होत्या.