मामांच्या म्हशीचं तूप

सयाजीराव महाराजांच्या अमदानीत बडोद्यात सगळं सुधारलं, फक्त आमच्या सौभाग्यवतीचे मामा तेवढे सुधारायचे राहिले. वाघोडियाच्या वाटेवर तीन बिघे जमीन आणि एक म्हैस, एवढ्या बळावर हा गृहस्थ दुनियेतल्या यच्चयावत गिरण्या-कारखान्यांशी भांडत असे. आमच्याकडे जेवायला बसले की आधी उलटतपासणी! "तूर कुणाच्या खेतरातली? पीठ जात्यावरचं की गिरणीचं?" गिरणीचं म्हटलं की पोळी बाजूला, आणि पुढे दोन दिवस सौभाग्यवतीचा अबोला माझ्याशी. एकदा मांडवीतल्या दुकानदाराला त्यांनी बिस्किटांचा डबा दाखवून त्यातले गहू कुणाच्या शेतातले ते गुजरातीत विचारलं, "आ घऊं कोना खेतरना, भाई?" तो बिचारा म्हणाला, "विलायतना, काका." मामांनी डब्याला लांबूनच नमस्कार केला आणि चालू लागले. शरमेपोटी तो डबा मला विकत घ्यावा लागला.

पुढे आमच्या थोरलीचं लग्न ठरलं. व्याही मोठे सोवळ्याचे. त्यांची अट एकच: पंगतीला घरचं तूप हवं, कारखान्यातलं डब्याचं निघालं तर वऱ्हाड पानावरून उठेल. मामा छाती ठोकून म्हणाले, "तूप माझं! तुम्ही बघायचंसुद्धा नाही." चार महिने त्यांनी लोणी साठवलं, स्वतः कोरडा भात खाल्ला, आणि ती म्हैस ऐन वेळी आटली. लग्नाच्या सकाळी दोनशे पानांसाठी मामा एक बरणी घेऊन हजर! हे असंच होणार म्हणून मी आदल्या दिवशीच गुपचूप कारखान्याच्या तुपाचे डबे आणून ठेवले होते. मामांनी कोठीत शिरून नेमके तेच पाहिले. मी हातच जोडले. "मामा, पाया पडतो, आज तोंड उघडू नका." त्यांनी आपली बरणी त्या डब्यांशेजारी ठेवली आणि बाहेर गेले, त्यामुळे मी जास्तच घाबरलो.

पंगत बसली. वरणभाताचा पहिला घास घेऊन व्याही थांबले. "तूप कुणाकडचं हो?" शेजारच्याच पानावर मामा, जन्मात कधी खोटं न बोललेले!

"माझ्या म्हशीचं," मामा म्हणाले.

"वा! ही चव बाजारात नाही मिळायची," म्हणत व्याह्यांनी आणखी मागून घेतलं. वाढप्यानं मामांच्या भातावरही धार धरली. व्याही कौतुकानं बघत होते. मामांनी मान खाली घातली आणि तो सगळा भात संपवला.

मी मामांच्या हातावर पाणी घालायला गेलो, तर हळूच म्हणाले, "पोरीला सांगू नका हो. तिला वाटू दे, तिच्या लग्नात तूप माझंच होतं."

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. थोरली माहेरी आली की अजून त्या तुपाची आठवण काढते, आणि मी दुसरीकडे बघतो.