‘चुकलं तिथूनच घ्या’ म्हणणारे डॉक्टर शेळके

डॉक्टर माधवराव शेळके मला पहिल्यांदा दिसले ते माझ्या क्लासच्या जिन्यात. चपला काढून ते पायरीवर बसले होते आणि दोन शाळकरी मुलींकडून सरगम समजावून घेत होते. नवीन जालन्यात बियाण्यांच्या दुकानावरच्या माडीत माझा गाण्याचा क्लास आहे. पेरणीच्या दिवसांत खाली इतकी गर्दी असते की जिन्यात उभा असलेला माणूस गायला आला आहे की कपाशीचे बियाणे घ्यायला, हे सांगता येत नाही. मी म्हणाले, “दुकान खाली आहे. तुम्हाला काय हवंय?”

ते उठून उभे राहिले. “गाणं शिकायचंय, बाई. साठी झालीय. चालेल का?”

“वय चालेल. उशीर चालणार नाही. वर्ग पाचला भरतो.”

त्यांनी घड्याळ पाहिले, पाच वाजून गेले होते. ते जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवशी मी कुलूप उघडायला आले तेव्हा ते दारात हजर होते. हे जिल्ह्यातले नावाजलेले मेंदूविकारतज्ज्ञ आहेत, हे मला पुढे बऱ्याच दिवसांनी कळले. मुलीला न्यायला आलेल्या एक आई दारातच थबकल्या आणि ओरडल्या, “अगं बाई! डॉक्टरसाहेब सतरंजीवर?” डॉक्टरांनी बोट ओठांवर ठेवून त्यांना गप्प केले, कारण त्या वेळी मी एका मुलाला रागावत होते.

डॉक्टरांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या वैद्यकीय कार्याबद्दल त्यांचे सहकारी अधिकाराने लिहितील. त्या कामातले मी जे थोडे पाहिले, ते एकाच प्रसंगाने सांगते. टेंभुर्णीला त्यांचे मिरगीविषयीचे शिबिर होते. मी स्वागतगीतासाठी मुली घेऊन गेले होते. डॉक्टर सांगत होते की झटका आल्यावर रोग्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चप्पल हुंगवू नका. पुढे बसलेले एक आजोबा उठले. “डॉक्टरसाहेब, चप्पल हुंगवली की बराबर उतरतंय. म्या सोता पाह्यलंय.” डॉक्टर म्हणाले, “आजोबा, ते आपलं आपणच उतरतं. चप्पल फुकटचं नाव कमावते.” सगळा मांडव हसला, आजोबाही हसले. शिबिर संपल्यावर तेच आजोबा नातीला घेऊन रांगेत उभे होते. माणसाला न दुखावता त्याची समजूत दुरुस्त करण्याची ही हातोटी मला काही साधलेली नाही. मी दुखावून दुरुस्त करते.

आता माझ्या प्रांतातले सांगते. डॉक्टर विद्यार्थी म्हणून मध्यम आहेत. आवाज बरा, सूर ठीक, ताल कच्चा. मेंदूचे एवढे ज्ञान असूनही त्यांची सम चुकते आणि ते तसे मोकळेपणाने कबूल करतात. पण त्यांच्यासारखे निरीक्षण करणारा विद्यार्थी मला मिळालेला नाही.

माझ्या क्लासचा एक दंडक होता. गाताना चूक झाली की थांबायचे आणि बंदिश पहिल्यापासून घ्यायची. मध्येच सावरून पुढे जाणे म्हणजे आळस, असे मला माझ्या गुरुजींनी शिकवले होते आणि मीही तेच शिकवत आले. एकदा वार्षिक कार्यक्रम झाल्यावर सगळे खुर्च्या आवरत होते, तेव्हा डॉक्टर माझ्याजवळ आले.

“बाई, एक विचारू? आपल्या क्लासमधल्या सगळ्यांची सुरुवात इतकी सुरेख आणि शेवट इतका घाबरट का?”

“रियाज कमी पडतो.”

“रियाज भरपूर आहे. वाटणी चुकलीय. पहिली ओळ पोरं शंभर वेळा म्हणतात आणि शेवटची तान कशीबशी दहा वेळा. मेंदू बिचारा काय करणार? जे जास्त वेळा झालं, ते त्यानं पक्कं केलं.”

मी म्हणाले, “डॉक्टर, तुम्ही आधी तुमची सम सांभाळा.” ते हसले आणि खुर्च्या उचलू लागले. पण हा विषय त्यांनी सोडला नाही. वर्ग संपला की ते पाच-दहा मिनिटे मला काहीतरी समजावत. चूकही सरावाने पक्की होते, कारण मेंदूला चूक आणि बरोबर यातला फरक आपोआप कळत नाही. एकच गोष्ट सलग घोटली की त्या वेळी ती आल्यासारखी वाटते, पण दुसऱ्या दिवशी निम्मी गळालेली असते. तीच थोडी थोडी, मध्ये वेळ सोडून आणि दुसऱ्या गोष्टींत मिसळून केली तर अवघड जाते खरी, पण टिकते. शिकलेले पक्के करण्याचे बरेचसे काम मेंदू आपण झोपलेलो असताना करतो. आणि मनातल्या मनात नीट लक्ष देऊन गायलेली तानही वाया जात नाही. मी सगळे ऐकून घेत असे, पण दंडक काही बदलत नसे. ज्या पद्धतीने मी स्वतः गाणे शिकले, ती कुणाच्या सांगण्यावरून सोडायला मी तयार नव्हते.

ती सोडायची वेळ कमलमुळे आली.

कमल कोळेकर ही माझी विद्यार्थिनी मूळची टेंभुर्णीची. तिच्या माहेरी मेंढरे होती, आता थोडी शेतीही आहे. लग्न होऊन ती बदनापूरला आली. तिचे यजमान तिथेच शेतीसंशोधन केंद्रात रोजंदारीवर आहेत. दोन मुले, सासू, घरचे सगळे उरकून ती रेल्वेने क्लासला यायची. आवाज खणखणीत. संगीताच्या सगळ्या परीक्षा तिने दिलेल्या. शाळेत संगीतशिक्षिका व्हायचे, एवढी एकच तिची इच्छा होती. दोन शाळांच्या निवडीत ती शेवटच्या फेरीपर्यंत पोचली आणि दोन्ही वेळा पेटी वाजवत गाऊन दाखवताना एकाच ठिकाणी अडकली. भीमपलासच्या बंदिशीतल्या अंतऱ्यानंतरची तिसरी तान. तिथे बोटे थांबत, मग आवाज थांबे आणि ती सवयीने पहिल्यापासून सुरू करी. निवड समितीला दुसऱ्यांदा पहिल्यापासून ऐकण्याची हौस नसते.

अंबड रस्त्यावरच्या एका शाळेत पुन्हा जागा निघाली. कमलच्या वयाची मर्यादा त्याच वर्षी संपत होती. ही गेली की पुढे अर्जच करता येणार नव्हता. ती रडली वगैरे नाही. एवढेच म्हणाली, “बाई, आता न्हाई झालं तर मंग मी गाणं घरातच ठेवते.” रडली असती तर बरे, असे मला वाटले.

मी तिला रियाज दुप्पट करायला सांगितला. डॉक्टर शेजारीच बसले होते. ते म्हणाले, “बाई, दुप्पट कुठून करणार? तिची गाडी सहाला आहे. हिला माझ्याकडे देता का? गाणं तुमचंच, फक्त क्रम माझा.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर मी क्लासची सतरंजी महिनाभर झाडीन.”

“ती तुम्ही आत्ताही झाडताच,” कमल म्हणाली. ते खरे होते.

मी होकार दिला. डॉक्टरांनी कमलला ती तिसरी तान बंदिशीतून वेगळी काढायला लावली. आधी तिचा शेवटचा तुकडा, मग त्याच्या आधीचा, मग त्याच्याही आधीचा, आणि सगळे अगदी सावकाश, चूक होणारच नाही इतके सावकाश. चार-पाच वेळा नीट झाले की सोडून द्यायचे आणि दुसरेच काही गायचे. थोड्या वेळाने पुन्हा त्या तुकड्याकडे यायचे. चूक झाली तर तिथूनच घ्यायचे. ‘पहिल्यापासून’ या शब्दाला बंदी.

कमल म्हणाली, “म्हंजे बाई, एक मेंढरू चुकलं की आपण सगळा कळप परत वाड्यावर आणून राह्यलो व्हतो.”

डॉक्टरांना हे इतके आवडले की पुढचे चार दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. मला तितकेसे आवडले नाही, पण म्हणणे बरोबर होते.

गाडीत पेटी नेता येत नाही. मग डॉक्टरांनी गाडीतला रियाज ठरवून दिला. डोळे मिटायचे, मांडीवर बोटे ठेवायची आणि तान मनात वाजवायची, प्रत्येक पट्टीसकट. पहिल्या दिवशी शेजारच्या बाईने तिला विचारले, “काय वं, हात बधिर झाला काय?” कमल म्हणाली, “न्हाई मावशी, परीक्षा हाये.” मावशींनी तिला खिडकीजवळची जागा दिली. रोज जाणारे-येणारे लोक, सगळ्यांना हळूहळू कळले. मग ती डोळे उघडे ठेवून बसली की कुणीतरी विचारी, “आज सुट्टी का?”

क्लासमध्ये डॉक्टरांचा दुसरा उद्योग चालू होता. कमल गात असली की ते मध्येच टाळी वाजवत आणि म्हणत, “थांबा. आता दुसऱ्या तानेपासून.” कधी, “आता अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीपासून.” कधी मुद्दाम तिला काहीतरी विचारत. “आज भाजी कोणती?” ती “दोडकं” म्हणे आणि पुन्हा तान घेई. सुरुवातीला ती गोंधळायची, चिडायची. “डॉक्टरसाहेब, जरा गाऊ द्या की!” पण दोन-तीन आठवड्यांत तिला कुठूनही धरता येऊ लागले. माझ्या इतर विद्यार्थ्यांना ते येत नव्हते. खरे सांगायचे तर मलाही पटकन येत नव्हते. मी घरी दार लावून करून पाहिले.

निवडीच्या आदल्या संध्याकाळी कमल म्हणाली, आज मी शेवटच्या गाडीने जाते, तोवर गाते. मलाही तेच योग्य वाटत होते. डॉक्टर दवाखाना सोडून वर आले आणि त्यांनी पेटीचा भाता बंद केला.

“झालं. आता घरी जा, जेवा आणि झोपा.”

“झोप आली तर ना! डॉक्टरसाहेब, माझं सगळं उद्यावर हाये.”

“म्हणूनच. आज रात्रीचं काम तुमचं नाही, मेंदूचं आहे. त्याला जागं ठेवलंत तर तो करणार कधी?”

कमलने माझ्याकडे पाहिले. तिला माझा निर्णय हवा होता. मोठ्या बैठकीआधी मी स्वतः कधी झोपले नव्हते आणि माझे गुरुजीही नाहीत. पण गेले दोन महिने माझ्या कानांनी जे ऐकले होते, तेही नाकारता येत नव्हते. मी म्हणाले, “ऐक त्यांचं. सहाची गाडी पकड.” ती गेली.

दुसऱ्या दिवशी मी आणि डॉक्टर त्या शाळेच्या व्हरांड्यात बसलो होतो. आत जायची परवानगी नव्हती, पण खिडकी उघडी होती. कमलने सुरुवात केली. अंतरा झाला, पहिली तान झाली, आणि तेवढ्यात जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली. सगळी शाळा एकदम मैदानात ओतली. कमलला थांबावे लागले. आरडाओरडा जरा ओसरल्यावर आतून एक आवाज आला, “हं, वेळ कमी आहे, ताई. पहिल्यापासून नको. त्या पुढच्या तानांपासून घ्या.”

मी खिडकीजवळ सरकले. मग पेटीचा सूर आला, दुसरी तान आली आणि तिच्या पाठोपाठ तिसरी, सरळ, स्वच्छ, समेवर येऊन थांबणारी. मी डॉक्टरांकडे पाहिले. ते डोळे मिटून मांडीवर ताल धरत होते आणि सम चुकले होते. तेवढ्यासाठी त्या दिवशी मी त्यांना काही बोलले नाही.

निवड झाल्याचा फोन कमलने बदनापूरच्या फलाटावरून केला. “बाई, झालं!” एवढेच मला कळले. पुढचे सगळे गाडीच्या आवाजात गेले. मी दवाखान्यात निरोप पाठवला. डॉक्टर चपला न काढता माडीवर आले. एरवी मी त्यांना परत खाली पाठवले असते.

या प्रसंगानंतर माझा दंडक गेला. गावात मात्र भलतीच चर्चा पसरली. एक वडील मुलाला घेऊन आले आणि म्हणाले, “बाई, डॉक्टर म्हणतात म्हणे, रियाज नको, झोप पुरे.” मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. डॉक्टरांनी त्या मुलाला विचारले, “झोपेत मेंदू शिकलेलं पक्कं करतो. तू काय शिकलास ते सांग, म्हणजे तो काय पक्कं करणार ते बघू.” मुलगा दुसऱ्या दिवसापासून वेळेवर येऊ लागला. रियाज कमी करा, असे डॉक्टर कधीच म्हणाले नाहीत. केलेला रियाज वाया घालवू नका, एवढेच त्यांचे म्हणणे आहे आणि त्यात कष्ट वाढतात, कमी होत नाहीत.

त्यांच्या स्वभावाबद्दल एकच सांगते. माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा मला जिना चढता येत नव्हता. क्लास बंद पडू नये म्हणून डॉक्टरांनी सगळी मुले माझ्या घरी आणण्याची व्यवस्था केली. स्वतः सर्वांत मागे, दाराजवळ बसत. मी एकदा आभार मानायला लागले, तर म्हणाले, “बाई, ते राहू द्या. माझी तान ऐका.” ऐकली. वाईट होती. तसे सांगितले, आणि दोघांनाही बरे वाटले.

कमल आता त्या शाळेत मुलांना शिकवते. शेवटची ओळ आधी शिकवते म्हणून काही पालक चक्रावतात, पण मुलांचा शेवट घाबरट होत नाही. एखादा मुलगा कुठे अडला की ती फोन करते. मला नाही, डॉक्टरांना. आणि मुले अडायची काही थांबत नाहीत. दर जूनला नवी तुकडी येते आणि नव्या जागी अडते. तेव्हा डॉक्टर, पंचाहत्तरी झाली म्हणून तुमची सुटका नाही. त्या मुलांसाठी तुम्हाला अजून पुष्कळ वर्षे जगावे लागेल आणि तेही ठणठणीत प्रकृतीने, शाबूत कानांनी आणि रात्रीच्या पुऱ्या झोपेने. आम्हा सर्वांची ही इच्छा आहे. माझ्या बाबतीत तिला सूचना समजावे.