हात न लावता

"मॅडम, काय सांगायचं ते लांबनं सांगा. आमच्या पोरीच्या हाताला हात लावू नका."

अठरा मुली रांगेत उभ्या होत्या. शर्वरीची दोन्ही मनगटं माझ्या हातात होती. तिचे वडील कुंपणापाशी उभं राहून हे बोलले. ओरडून नाही. वॉचमनला गाडी सरकवायला सांगावी तसं.

मी मनगटं सोडली.

साताऱ्यातल्या एका खासगी शाळेचं मैदान. मी तिथं सॉफ्टबॉलची कोच होते, कंत्राटी. राज्याच्या संघातून खेळलेली. बी.पी.एड. झालेली. मुली मला मॅडम म्हणायच्या, पालक नमस्कार करायचे. शर्वरीचे वडील तर आवर्जून. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, घरचा ऊस, शाळेच्या समितीवर.

आदल्या दिवशी शर्वरीची आजी तिला न्यायला आली होती. माझ्याकडं बघत राहिली. मग विचारलं, "कुठली गं तू?"

मी गावाचं नाव सांगितलं. मिरजेजवळचं.

"माझं म्हायार त्याच्या शेजारीच. कुणाची तू?"

मी आडनाव सांगितलं. आजीनं शर्वरीचा हात धरला आणि चालू लागली. आम्ही मातंग. त्या भागात आमचं आडनाव कळलं की वस्ती कळते.

बॅटिंग शिकवणं म्हणजे हात शिकवणं. बॅट तळव्यात गच्च आवळायची नसते, बोटांत धरायची असते. दोन्ही हातांची मधली पेरं एका रेषेत यावी लागतात. मागचं कोपर बरगडीला घासून पुढं यावं लागतं. बॅट बॉलला लागते त्या क्षणी वरच्या हाताचा तळवा आभाळाकडं, खालच्याचा जमिनीकडं. मनगट वळवायचं ते बॉल गेल्यावर. हे नुसतं तोंडानं सांगून बारा वर्षांच्या पोरीला कळत नाही. तिची बोटं एकेक करून दांड्यावर बसवावी लागतात. कोपर धरून वाट दाखवावी लागते. एकदा अंगाला कळलं की मग ती विसरत नाही.

मी मुख्याध्यापिकांकडं गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"आजकाल टच वगैरे विषय नाजूक झालाय. तुम्ही समजून घ्या."

"मग नियम सगळ्यांना लावा. व्हॉलीबॉलचे सर मुलींचे खांदे धरून शिकवतात. ते तर पुरुष आहेत."

"त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नाही."

"माझ्याबद्दल काय तक्रार आहे?"

त्यांनी फाईल उघडली. "तुम्ही नुसतं तोंडी सांगा. हात धरायला दुसऱ्या मॅडमना उभं करू."

मी हो म्हटलं. हे मला लिहायला जड जातंय, पण मी हो म्हटलं.

आठवडाभर मी हात पाठीमागं बांधून उभी राहिले. "कोपर आत घे. अजून आत. बोटं सैल सोड." दुसऱ्या मॅडम खो-खोच्या. त्यांना पकड माहीत नव्हती. शर्वरी बॅट तळव्यात आवळून धरायची, कोपर बाहेर उडायचं, बॉल दांड्याजवळ लागायचा आणि झटका मनगटापर्यंत जायचा. चौथ्या दिवशी तिच्या डोळ्यात पाणी आलं. बॅट माझ्यापुढं धरून म्हणाली, "मॅडम, धरून दाखवा ना."

मी एक पाऊल मागं गेले.

वडील त्या दिवशी मैदानावर नव्हतेही. अंतर त्यांनी सांगितलं. पाळलं मी.

खोलीवर आले आणि मला मिरजेतलं मैदान आठवलं. मी सातवीत होते. आई एका दवाखान्यात झाडलोट करायची. तिथून सुटल्यावर मला न्यायला यायची. आमचे सर सगळ्या पोरींची मनगटं धरून शिकवायचे. माझ्याकडं आले की हातात छडी असायची. छडीच्या टोकानं माझं कोपर आत ढकलायचे. छडीनंच बोटं सरळ करायला लावायचे. मला वाटायचं, मला चटकन जमतं म्हणून सर मला जास्त धरत नाहीत. मी त्याचा अभिमान बाळगला होता. इतकी वर्षं.

मी आईला फोन केला. "आये, सर मला कधीच हात का लावत नव्हते?"

"तुला आत्ता कळलं व्हय? मला पयल्या दिसापासनं ठावं हुतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू खेळली असतीस का?"

मला आईचा राग आला. मग स्वतःचा. छडीनं शिकणारी मीच होते आणि आता हात बांधून उभी राहणारीही मीच.

शनिवारी सराव बघायला पालक आले होते. शर्वरीचा नंबर आला. पहिला बॉल हुकला. दुसरा दांड्यावर आदळला, तिनं हात झटकला. मी दुसऱ्या मॅडमना बाजूला व्हायला सांगितलं आणि शर्वरीसमोर गेले.

"धरू?"

तिनं एकदा कुंपणाकडं बघितलं. मग बॅटसकट दोन्ही हात पुढं केले.

मी तिची बोटं सोडवली. एकेक करून दांड्यावर बसवली. कोपर धरून बरगडीजवळून पुढं आणलं, तळवा वर वळवला. दोनदा. तिसऱ्यांदा सोडून दिलं. बॉल आला आणि ती खणखणीत मारून मोकळी झाली. तिला स्वतःलाच खरं वाटेना.

वडील मैदानात आले होते.

"तुला सांगितलं हुतं का न्हाई?" 'मॅडम' हा शब्द आता गेला होता. "मांगाची हायेस, मांगावानी ऱ्हा. आमच्या घरात शिरू नगंस."

सगळे ऐकत होते. मुली, पालक, व्हॉलीबॉलचे सर.

"मी तुमच्या घरात नाही," मी म्हटलं. "हे माझं मैदान आहे. इथं मी हात धरूनच शिकवणार. तुम्ही बाहेर व्हा."

त्यांनी शर्वरीला दंडाला धरून नेलं. तिनं मागं वळून बघितलं नाही. त्यानंतर ती खेळायला आली नाही. तिच्या हातात चांगला फटका होता. तो गेला.

सोमवारी शाळेनं पत्र दिलं. बेशिस्त वर्तनामुळं माझं कंत्राट रद्द. मी पोचपावतीवर सही केली आणि सरळ पोलीस ठाण्यात गेले.

हवालदार वयस्कर होता. "मॅडम, मिटवून टाका. ल्हान पोरीचा इषय हाय. मोठी माणसं हायती ती."

"मिटवायला आले नाही. मी सांगते तसं लिहून घ्या."

चार तास बसले. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवून घेतला तेव्हाच उठले. साक्षीदार म्हणून मी सहा पालकांची नावं दिली. सहाही जणांनी काही ऐकलं नाही असं सांगितलं. व्हॉलीबॉलच्या सरांनी फोन उचलणं बंद केलं. समितीतल्या एकानं निरोप धाडला, तक्रार मागं घेतली तर दुसरीकडं लावून देऊ. मी निरोप आणणाऱ्याचंही नाव पुरवणी जबाबात लिहून दिलं.

आता माझी तारीख पडली की मी साताऱ्याला जाते. तो माणूस समोर बसतो, माझ्याकडं बघत नाही. मी त्याच्याकडं बघते. तो जे बोलला ते मी कोर्टात शब्दाला शब्द सांगणार आहे, माझ्या जातीच्या नावासकट, मोठ्यानं. एकही साक्षीदार आला नाही तरी सांगणार आहे.

वर्षं जातील, असं वकील म्हणतात. मी सत्तावीस वर्षांची आहे. माझ्याकडं वर्षं आहेत.